मग, कसा वाटला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याला आवडलेला सिनेमा दुसऱ्याला दाखवायचा आणि तो संपला की त्याच्या तोंडाकडे बघत विचारायचं, ‘मग, कसा वाटला?’ ही खोड सिनेमाच्या वेडाइतकीच जुनी आहे. पुस्तक आवडलं तर ते मित्राच्या हातात देऊन मोकळं होता येतं. सिनेमाचं तसं नव्हतं. घरोघरी व्हिडिओ येईपर्यंत सिनेमा म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं, तीही दुसऱ्या कुणाच्या मालकीची. ती मागवायची तर पैसे हवेत, दाखवायची तर प्रोजेक्टर हवा, तो चालवणारा माणूस हवा आणि एखादा हॉल हवा. एका मित्राला एक सिनेमा दाखवायचा तर आणखी शंभर जणांची वर्गणी लागे. फिल्म सोसायटी नावाच्या संस्थेचा जन्म मला या अडचणीत दिसतो. तिच्या इतिहासात ‘अभिजात चित्रपटांचा प्रसार’ वगैरे शब्द नेहमी येतात. ते खोटे नाहीत. पण मुळात तो एक साधा करार होता. तुम्ही निवडलेला सिनेमा मी शेवटपर्यंत पाहीन आणि मग बोलेन; पुढच्या खेपेला निवड माझी, बसायचं तुम्ही.

सुरुवात पॅरिसची. लुई देलुक यांनी १९२० च्या जानेवारीत ‘सिने-क्लब’ हे नाव मिरवणारं साप्ताहिकच काढलं. पाच वर्षांनी लंडनमध्ये फिल्म सोसायटी निघाली. आयव्हर माँटेग्यूसारखे तरुण धावपळ करणारे आणि पाठीराख्यांत एच. जी. वेल्स, बर्नार्ड शॉ, अर्थशास्त्रज्ञ केन्स अशी बडी माणसं. आइझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ ब्रिटिश सेन्सॉरनं अडवून धरला होता. सोसायटीनं तो १९२९ मध्ये आपल्या सभासदांना दाखवला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तिथली बंदी उठायला १९५४ साल उजाडलं. ‘फक्त सभासदांसाठी’ या दोन शब्दांत काय काय मावू शकतं, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्याकडेही पुढे या शब्दांनी बरंच काही घडवलं, त्याकडे येतोच.

खरी भांडखोर मंडळी जमली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये. जर्मन अंमलात अमेरिकन चित्रपटांना बंदी होती. फ्रान्स मुक्त झाला आणि साचलेले सिनेमे एकदम येऊन धडकले. काय पाहू आणि काय नको, अशी तरुणांची अवस्था झाली. आंद्रे बाझाँ नावाचा समीक्षक कामगारांच्या संघटनांत, कारखान्यांत सिनेमे घेऊन जायचा आणि नंतर चर्चा घडवायचा. १९४८ मध्ये फ्रान्स्वा त्रूफो या सोळा वर्षांच्या पोरानं स्वतःचा क्लब काढला, त्यापायी कर्ज करून ठेवलं, आणि बापानं त्याला थेट पोलिसांच्या हवाली केलं. सुधारगृहातून त्याला बाहेर काढायला धावून आला तो बाझाँ. पुढे १९५९ मध्ये त्रूफोनं ‘फोर हंड्रेड ब्लोज’ हा आपला पहिला मोठा चित्रपट बाझाँला अर्पण केला. बाझाँ त्याच्या काही महिने आधीच, जेमतेम चाळिशीत, वारला होता.

याच बाझाँनं सोबत्यांबरोबर १९५१ मध्ये ‘काइये द्यू सिनेमा’ हे मासिक सुरू केलं. त्यात १९५५ पासून एक तक्ता यायला लागला. डाव्या बाजूला चित्रपटांची नावं, वरच्या ओळीत दहा समीक्षकांची, आणि मधल्या चौकटींत चांदण्या. चार चांदण्या म्हणजे श्रेष्ठ कृती, तीन म्हणजे पाहायलाच हवा, दोन म्हणजे पाहावा, एक म्हणजे अगदीच वेळ असला तर. आणि काळा ठिपका म्हणजे उगाच घराबाहेर पडू नका! आज वर्तमानपत्रांत दर शुक्रवारी सिनेमाच्या नावापुढे तारे टांगलेले दिसतात, त्यांचं हे एक मूळ घराणं. पण फरक आहे. आजचे तारे गिऱ्हाइकाला ‘तिकीट काढा’ किंवा ‘काढू नका’ एवढंच सांगतात. काइयेचा तक्ता म्हणजे दहा माणसांनी एकमेकांना दिलेली उघड उत्तरं होती. एकाच सिनेमापुढे एकाच्या चार चांदण्या आणि शेजारच्याचा काळा ठिपका. वाचणाऱ्याला ती दोन्ही एकाच ओळीत दिसणार, आणि त्या दोघांनाही पुढच्या महिन्यात एकमेकांची तोंडं पाहायची असणार. या गोतावळ्यातल्या त्रूफो, गोदार, रोमेर, रिवेत, शाब्रोल या पाचही जणांनी पुढे कॅमेरा हातात घेतला, हे मला योगायोगाचं वाटत नाही. दुसऱ्याच्या निवडीला नावं ठेवून ठेवून शेवटी स्वतःचं काहीतरी दाखवावंच लागतं.

आपल्याकडे हेच कलकत्त्यात घडलं, तेही काइये निघण्याच्या चार वर्षं आधी. मुंबईत १९३७ मध्येच हौशी सिनेमावाल्यांची एक सोसायटी निघाली होती आणि वृत्तपटकार डॉ. पी. व्ही. पथी तिच्यात होते. पण या चळवळीला वळण लावलं ते कलकत्त्यानं. ऑक्टोबर १९४७, स्वातंत्र्याला दोन महिनेही झालेले नाहीत, शहर फाळणीच्या जखमांनी भरलेलं, आणि सत्यजित राय व चिदानंद दासगुप्ता हे दोन तरुण फिल्म सोसायटी काढतात. पहिला चित्रपट कोणता? ‘बॅटलशिप पोटेमकिन’च. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार होते. पुढे सगळीकडे गेलेला त्यांचा नजरेचा कडकपणा या दिवसांत घडला. १९४८ मध्येच ‘आपल्या चित्रपटांचं काय बिघडलं आहे’ असा रोखठोक लेख त्यांनी लिहिला. १९५० मध्ये कंपनीनं त्यांना लंडनला पाठवलं, तिथे पाचेक महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे पाहिले. त्यातल्या ‘बायसिकल थीव्ज’नं त्यांच्या मनातला ‘पथेर पांचाली’ पक्का केला. १९५५ मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा त्याचे कलादिग्दर्शक होते बन्सी चंद्रगुप्त, म्हणजे सोसायटीतलेच सोबती.

‘बायसिकल थीव्ज’ मुंबईनं पाहिला तो १९५२ च्या जानेवारीत, देशातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला, हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे, की महोत्सव संपल्यावर उरलेली भूक भागवायला गावोगाव माणसं लागतात. १९५९ मध्ये देशातल्या मोजक्या सोसायट्यांनी मिळून महासंघ केला. अध्यक्ष राय आणि चिटणिसांच्या जोडीत दासगुप्तांबरोबर एक मराठी बाई, विजया मुळे. जन्म मुंबईचा, लग्नानंतर पाटण्याला गेल्या, पुढे लीड्सला शिकून आल्या आणि पाटण्यातल्या फिल्म सोसायटीच्या कामाला लागल्या. दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ पाहून मोठी झालेली पिढी त्यांना नाव न कळता ओळखते, कारण १९७४ चा तो छोटा अनुबोधपट त्यांचाच. २०१९ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. मराठीत त्यांच्यावर जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं आलं नाही, हे इथे सांगून टाकतो.

ही यंत्रणा चालायची कशी? विदेशी वकिलातींकडे त्यांच्या देशातले चित्रपट असत, ते फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळत. त्यामुळे पोलंड, हंगेरी, झेकोस्लोव्हाकियाचे सिनेमे भारतातल्या जिल्ह्याच्या गावांनी पाहिले. दुसरा मोठा आधार पुण्याचा. १९६४ मध्ये तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-आस्वाद शिकवणारे प्रा. सतीश बहादूर यांनी १६ मिलिमीटरच्या प्रिंट सोसायट्यांना पोचवल्या आणि त्या कशा पाहायच्या याचे वर्गही घेतले. नायर अंधारात बसून वहीत टिपणं काढत. कोणत्या रिळात काय आहे, हे त्यांना तोंडपाठ असे.

मुंबईत १९६४ मध्ये ‘फिल्म फोरम’ निघाला. त्यात व्यंगचित्रकार बासू चॅटर्जी होते, ज्यांनी १९६९ मध्ये ‘सारा आकाश’ केला. १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ आलं. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सोबत्यांच्या या मंडळाचं मला मोठं वाटणारं काम म्हणजे चर्चा मराठीत झाली. बर्गमन, कुरोसावा, फेलिनी यांच्याविषयी मराठीत बोलायचं तर शब्द घडवावे लागतात, जुने वाकवावे लागतात. आज आपण ‘चौकट’, ‘दृश्यभाषा’, ‘आस्वाद’ असे शब्द सहज वापरतो, त्यांच्यामागे अशा अनेक संध्याकाळी आहेत.

सगळं काही उदात्त होतं, असं मात्र समजू नका. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असे, आणि ‘फक्त सभासदांसाठी’ याचा अर्थ काही सभासदांनी आपल्या सोयीनं लावला होता. एरवी रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या ‘त्या’ दृश्याची कुणकुण लागली की भरायच्या, आणि ते दृश्य उरकलं की धडाधड वाजत रिकाम्या व्हायच्या. दुसरा दोष सुशिक्षितांचा. सिनेमा कळला नाही हे कबूल करायची चोरी! झोप लागलेला माणूससुद्धा बाहेर येऊन ‘लय विलक्षण आहे’ म्हणायचा. हा दुसरा दोष मला अधिक घातक वाटतो. पहिल्यात निदान प्रामाणिकपणा होता.

मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका तालुक्याच्या गावातल्या सोसायटीचा सभासद होतो. आमच्याकडे नियम असा, की ज्यानं सिनेमा सुचवला त्यानंच स्टँडवरून डबे आणायचे, एक पानाचं टिपण सायक्लोस्टाइल करून वाटायचं, आणि शेवटी दाराशी उभं राहायचं. ‘बायसिकल थीव्ज’ झाला त्या रात्री एक निवृत्त गुरुजी दारात थांबले आणि म्हणाले, “अहो, सायकल मिळालीच नाही. मग सिनेमा संपला कसा?” सुचवणारा गडबडला. उत्तर दिलं छापखान्यातल्या एका कंपोझिटरनं. “गुरुजी, पोरानं बापाचा हात धरला ना शेवटी. तिथं संपला.” गुरुजी थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हात धरला हे बघितलं मी. पण उद्या तो कामावर जाणार कसा?” तासभर वाद चालला. टिपणात यातलं अक्षरही नव्हतं.

असाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो कर्नाटकातल्या हेग्गोडूत. शिमोगा जिल्ह्यातलं हे लहानसं खेडं, नाटककार के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेनं १९७३ मध्ये तिथे चित्रपट मंडळ काढलं. पुढे बहादूर आणि नायर तिथे गेले, आस्वाद वर्ग झाले, आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी ‘राशोमोन’, ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’ पाहिले. शहरातल्या शहाण्यांना शंका होती, की यांना हे कळणार काय? सुब्बण्णांनी ती शंकाच मानली नाही. ज्यानं कीर्तन, यक्षगान रात्र-रात्र जागून पाहिलं आहे त्याला खून एक आणि साक्षी चार, चौघांच्या चार तऱ्हा, हे समजावून सांगावं लागत नाही. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८० नंतर व्हिडिओ आला आणि सोसायट्यांची गर्दी ओसरू लागली. काही टिकल्या. ‘प्रभात’नं २०१८ मध्ये पन्नाशी गाठली. पण बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर कपाटात गेला. आता मित्राला सिनेमा दाखवायला शंभर जणांची गरज उरली नव्हती, एक कॅसेट पुरे. आमच्या गावातही त्या हातोहात फिरू लागल्या. मी स्वतः एकाला कुरोसावाचा ‘इकिरू’ दिला होता. चार महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, “बघतो रे निवांत.” आणखी दोन महिन्यांनी त्यानं कॅसेट परत आणून दिली. घरी येऊन पाहिलं, तर फीत मी दिली तेव्हा जिथे होती तिथेच होती.