दंडसमता आणि बंदिवानाची परिस्थिती

देहूरोड हे नाव बौद्ध जनतेच्या हृदयात २५ डिसेंबर १९५४ या दिवसाने कोरले गेले आहे. त्या दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील विहारात स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. (महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली. दंडविधानाचा विचार करताना हा योग विसरू नये.) विहारापासून थोड्या अंतरावर घोरावडेश्वराची प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि त्याच टापूत, द्रुतगती महामार्गालगत, गहुंजे हे गाव आहे. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात रात्रपाळीची वाहने अखंड धावत असतात. १ नोव्हेंबर २००७ रोजी अशाच एका वाहनाच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने कामावर निघालेल्या एका तरुणीवर गहुंजे परिसरात अत्याचार करून तिचा खून केला.

पुणे सत्र न्यायालयाने २०१२ मध्ये दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये कायम केली. आरोपींचे तरुण वय इत्यादी बाबी शिक्षा सौम्य करण्यास पुरेशा ठरल्या नाहीत. त्या तरुणीच्या यातना पाहता या निर्णयाने समाजाला समाधान वाटले असेल, तर ते आम्हांस समजू शकते. प्रश्न निराळा आहे. अपराध्याची परिस्थिती दंड ठरविताना पाहावी काय, आणि पाहावयाची तर ती कोणी शोधून काढावी? या प्रश्नाला भारताच्या इतिहासात एक लेखी उत्तर आहे आणि ते दगडावर कोरलेले आहे.

सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या नेमणुकीचा वृत्तांत आहे. त्यांच्या कर्तव्यांत बंदिवानांचे साहाय्य, त्यांच्या अडचणींचे निवारण आणि त्यांची सुटका ही कामे स्पष्टपणे नोंदली आहेत. कोणाकडे पाहून हे करावयाचे, तेही सांगितले आहे. ज्याच्या मागे लेकरेबाळे आहेत असा, जो 'कटाभिकाल' आहे असा आणि जो वृद्ध आहे असा. यांतील मधल्या शब्दाबाबत विद्वानांत एकमत नाही. काहींनी त्याचा अर्थ 'भूतबाधा झालेला' असा लावला, काहींनी 'आपत्तीत सापडलेला', तर काहींनी 'दुसऱ्याच्या चिथावणीने वागलेला' असा. आमच्या मते कोणताही अर्थ घेतला तरी त्यात अपराध्याच्या इच्छेबाहेरचे एक बळ मान्य केलेले दिसते.

याउलट चौथ्या स्तंभलेखात अशोक राजुकांकडून 'वियोहालसमता' व 'दंडसमता' यांची अपेक्षा करतो, म्हणजे न्यायाच्या कामकाजात समानता आणि शिक्षेत समानता. त्याच लेखात वधाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, ती नातलगांना राजुकांपुढे जीवदानासाठी विनंती करता यावी म्हणून. अशोकाने देहदंड रद्द केला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते; शिलालेख तसे सांगत नाहीत.

सर्वांना सारखा दंड आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पाहणे, या दोन आज्ञा परस्परविरोधी नव्हेत काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु दंडसमता कोणत्या व्यवस्थेच्या विरोधात उभी होती हे ध्यानात घेतले की विरोध मावळतो. एकाच अपराधाला ब्राह्मणास एक आणि शूद्रास दुसरी शिक्षा हा धर्मशास्त्रांचा नियम, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो उघडपणे आढळतो. तेथेही अपराध्याकडे 'पाहूनच' दंड ठरतो, पण पाहिले जाते ते त्याचे कुळ. अशोकाचा महामात्र पाहतो ती त्याची लेकरे, त्याचे वय, त्याच्यावर कोसळलेली आपत्ती. जन्म ही परिस्थिती नव्हे, हा येथील मुख्य भेद होय.

हा भेद पुसला गेला की काय होते, ते ब्रिटिश अमदानीने दाखविले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. पुढे महाराष्ट्रात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. 'वातावरण माणसाला घडविते' हेच तत्त्व तेथे दयेसाठी न वापरता हजेरीसाठी वापरले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. त्याचे संस्कार मात्र इतके टिकले, की तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी रद्दबातल ठरवावी लागली.

तिपिटकाची भूमिका याहून मूलगामी आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित राजा महाविजिताला सांगतो, की वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनी चोरांचा उपद्रव समूळ जाणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला अन्न व वेतन द्या, हाच उपाय. चक्कवत्तिसीहनाद सुत्त याला एक कटू पुस्ती जोडते. तेथील राजा दरिद्री लोकांकडे दुर्लक्ष करतो आणि चोर पकडून आणला की त्याला धन देतो. त्यामुळे चोऱ्या वाढतात, मग तो शिरच्छेद करू लागतो आणि लोकही शस्त्रे बनवू लागतात. गुन्ह्यानंतरची करुणा ही गुन्ह्याआधीच्या न्यायाची जागा घेऊ शकत नाही, असे हे सुत्त बजावते. कंत्राटी कामगारांच्या जिवावर चालणाऱ्या चाकणच्या पट्ट्यात 'भत्तवेतन' हा शब्द जुना वाटू नये.

अंगुलिमालाचे उदाहरण या संदर्भात हमखास दिले जाते. मज्झिमनिकायातील मूळ सुत्तात तो खुनी का झाला, याचे कारण नाही. तक्षशिलेचा गुरू, मत्सरी सहाध्यायी, बोटांची गुरुदक्षिणा हे सारे अट्ठकथेतील आहे. म्हणजे परिस्थिती शोधण्याची गरज नंतरच्या आचार्यांनाही भासली. आणि भिक्खू झाल्यावरही लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, तेव्हा भगवंतांनी त्याला ते सहन करण्यासच सांगितले.

आपल्या कायद्यात परिस्थितीसाठी दार आहे. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १९८० च्या बचनसिंग खटल्यात गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा असे ठरले. १९५८ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकारीही दिले. तरीही पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २७ मार्च २०२३ रोजी, अठ्ठावीस वर्षांच्या कारावासानंतर. ज्याचे वयसुद्धा कोणी धडपणे तपासले नाही, त्याचे बालपण कोण तपासणार? दार आहे, पण महामात्र नाही. आरोपीच्या पूर्वायुष्याची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात दिला, तो या उणिवेमुळेच.

गहुंजे खटल्यातील दोघांची फाशी २४ जून २०१९ ला ठरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी ती रद्द करून पस्तीस वर्षांचा कारावास दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय कायम ठेवला. त्यासाठी आधार झाला तो शासनाच्या दिरंगाईचा. अशोकाच्या तीन दिवसांच्या जागी येथे चार वर्षांहून अधिक काळ गेला होता.