जोखीम कुणाची? भीमाशंकरच्या डोंगरातील कर्जाचा इतिहास

भारतासारख्या देशांना अर्थपंडित ‘उभरत्या बाजारपेठा’ म्हणतात. अशा देशात पैसा गुंतवावा की नाही, हे ठरविताना ते नफ्याची आशा आणि राजकीय जोखीम या दोन गोष्टी तोलतात. राजकीय जोखीम म्हणजे बंड, दंगा, कर्जमाफी, कायद्यातील बदल. थोडक्यात, पैसा लावणाऱ्याला वाटणारी भीती. ज्याच्या घामावर तो पैसा वाढतो, त्याच्या जोखमीसाठी या हिशेबात रकानाच नाही. हा हिशेब आजचा नाही. जुन्नर-आंबेगावच्या इतिहासात त्याची पाने दीडशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली आहेत.

बाजार या मुलखाला नवा नव्हता. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कोकण आणि देश यांचा व्यापार चाले. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्याहून महत्त्वाचा एक लेख बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद करतो. ज्या कामाला जातिव्यवस्थेने पुढे हलके ठरविले, ते काम करणाऱ्या हातांना तेव्हा ठेव सांभाळण्याइतकी पत होती. म्हणजे पत ही सावकाराची जन्मजात मिरास नव्हे. ती श्रमिकांच्या हातून काढून घेतली गेली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस थांबला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि देशावरचे सावकारही सढळ हाताने कर्जे देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपले. कापूस कोसळला, मुंबईचा शेअरबाजार बुडाला आणि पुढे बॉम्बे बँकही बुडाली. पण 1867 पासून इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सरकारने शेतसारा वाढविला, तो तेजीच्या दिवसांकडे पाहून. भाव खाली आले, सारा वर गेला. या दोहोंच्या मध्ये सापडला तो कुणबी.

भीमाशंकरच्या डोंगरात कापूस पिकत नव्हता. तेथे नाचणी, वरई आणि पावसाचा भात. तरीही सावकाराचा कागद आणि इंग्रजांचे कोर्ट डोंगर चढून आलेच. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा, घडले उलटे. दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि मागचे व्याज नव्या मुद्दलात. अक्षरशत्रू माणूस सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. त्या निशाणीवर एकतर्फी हुकूमनामे होत आणि जमीन जाई. अज्ञान हेच तारण होते.

1873 साली आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने टोळी उभी करून सावकारांवर हल्ले सुरू केले. कित्येक सावकारांची नाके कापली गेली, काहींचे प्राण गेले. सरकारने खास पोलीस पाठविले, होन्यावर इनाम लावले आणि 1876 मध्ये त्याला पकडले. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर आहे. पण नाक कापण्याने तिजोरी भरत नाही. ज्या माणसापुढे सारे गाव वाकते त्याची अब्रू उतरविणे, हा त्यातला अर्थ आहे. ती हिंसा होती, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र कागदावरच्या हिंसेला कायदा आणि हातातल्या हिंसेला गुन्हा म्हणणारा न्याय आपण मुकाट्याने का स्वीकारावा?

मैदानात 12 मे 1875 रोजी सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी सावकारांना गाठले ते मुख्यतः रोखे हिसकावून जाळण्यासाठी. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना आपला शत्रू कोणता कागद आहे, हे नेमके ठाऊक होते. मग चौकशी आयोग नेमला गेला, दुष्काळ आला आणि 1879 मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. हे बंडाने मिळविले. सरकारच्या दयेने नव्हे.

परंतु ज्याच्यापाशी गहाण टाकायला जमीनच नाही, त्याला जमीन वाचविणारा कायदा काय देणार? होन्याचे बंड चालू असतानाच, 1874 मध्ये, वंशपरंपरागत वतनांचा कायदा आला आणि महाराची राबणूक कागदावर पक्की झाली. त्यात बदल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ते वतन कायद्याने जायला 1958 उजाडावे लागले. आपल्या माणसांच्या जोखमीची दखल घ्यायला एवढा काळ लागतो.

स्वातंत्र्यानंतर घोड नदीवर डिंभे धरण झाले. डोंगरातल्या आदिवासींची गावे पाण्याखाली गेली आणि पाणी कालव्यांनी खालच्या शेतीला गेले. 1985 मध्ये भीमाशंकरचे रान अभयारण्य झाले. देशाच्या विकासाच्या आकड्यांत यातला लाभ मिळविला जातो. उठलेल्या घराची वजाबाकी कोण करतो?

राजकीय समता देताना आर्थिक-सामाजिक विषमता तशीच ठेवली, तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. राजकीय जोखमीची याहून खरी व्याख्या कोणत्या अर्थपंडिताने केली आहे? त्यांच्या लेखी जोखीम बंडापासून सुरू होते. खरे तर बंड ही त्या खात्याची शेवटची ओळ असते. पहिली ओळ नांगराची निशाणी करणाऱ्या हाताने, न वाचता, मान्य केलेली असते. आज आपल्या घरांत वाचणारी माणसे आहेत. घराघरांतले जुने रोखे, हुकूमनामे, वतनाचे कागद विद्यार्थ्यांनी शोधावेत, वाचावेत आणि ते खाते ऋणकोच्या बाजूने पुन्हा मांडावे. ते काम दुसरे कुणी करणार नाही.