घरच्या कार्यालयासाठी ‘थंड’ अ‍ॅम्प्लिफायर : कमाल वॅटपेक्षा विनाभार वीजवापर महत्त्वाचा

नजरबाद (म्हैसूर) : घरून काम करताना खोलीत दिवसभर मंद आवाजात संगीत सुरू ठेवणाऱ्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायरची निवड केवळ श्रवणाच्या दर्जापुरती मर्यादित राहत नाही. उच्च दर्जाच्या स्पीकरना जोडलेले हे उपकरण आठ-आठ तास चालू राहिल्यास खोलीचे तापमान, विजेचे देयक आणि उपकरणाचे आयुष्य या तिन्ही गोष्टींवर परिणाम होतो. त्यामुळे खरेदी करताना कमाल वॅटच्या आकड्यापेक्षा, संगीत थांबलेले असताना उपकरण किती वीज घेते, हा आकडा आधी पाहणे हिताचे ठरते.

चामुंडी टेकडीच्या पायथ्याजवळील नजरबाद परिसराला म्हैसूरच्या सौम्य हवेचा लाभ मिळतो. तरीही एप्रिलमध्ये दुपारचे तापमान 34-35 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वातानुकूलन यंत्र नसलेल्या लहान खोलीत 200 वॅट वीज घेणारा अ‍ॅम्प्लिफायर जवळपास तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण 100 वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे असे उपकरण चालू ठेवणे हे खोलीत आणखी दोन माणसे दिवसभर बसवण्यासारखे आहे.

म्हैसूरला घरगुती ध्वनियंत्रणेचा जुना वारसा आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 मध्ये येथे आपल्या राहत्या घरी खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले होते. ‘आकाशवाणी’ हे नाव याच केंद्राशी निगडित आहे. त्या काळच्या निर्वात नळ्या तापल्याशिवाय काम करत नसत. ट्रान्झिस्टर आल्यावर नळ्या तापवण्याची गरज संपली; परंतु उष्णतेचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही.

उष्णता कशामुळे?

‘क्लास ए’ प्रकारात ट्रान्झिस्टरमधून सतत पूर्ण प्रवाह वाहत असतो. त्यामुळे संगीत सुरू असो वा नसो, वीजवापर जवळजवळ सारखाच राहतो. उलट शांततेच्या वेळी सगळी ऊर्जा उपकरणातच उष्णतेच्या रूपाने उरत असल्याने ते सर्वाधिक तापते. प्रति चॅनेल 25 वॅट देणारे या प्रकारचे स्टिरिओ उपकरण 200 वॅटच्या आसपास वीज घेऊ शकते.

‘क्लास एबी’ प्रकारात विनाभार प्रवाह कमी ठेवलेला असतो. प्रति चॅनेल 100 वॅटचे असे उपकरण शांत असताना साधारण 30 ते 60 वॅट घेते.

‘क्लास डी’मध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात. अर्धवट उघड्या अवस्थेत ते फारसे राहत नसल्याने उष्णता अत्यल्प निर्माण होते आणि पूर्ण क्षमतेवर कार्यक्षमता 85 ते 90 टक्क्यांपर्यंत जाते. ‘डी’ हे अक्षर ‘डिजिटल’चे संक्षिप्त रूप नाही, ए, बी, सीनंतरचे ते पुढचे अक्षर आहे, एवढेच.

दिवसाला आठ तास आणि महिन्याला 25 दिवस, असा 200 तासांचा वापर धरल्यास 200 वॅटच्या उपकरणाला 40 युनिट, 40 वॅटच्या उपकरणाला आठ युनिट, तर 15 वॅटच्या उपकरणाला तीन युनिट वीज लागते.

किती वॅट पुरेसे?

अनेक दर्जेदार स्पीकरची संवेदनशीलता 84 ते 88 डेसिबल असते. 86 डेसिबलच्या स्पीकरची जोडी दीड मीटरवरून 75 डेसिबलच्या पातळीवर ऐकायची असेल, तर सरासरी सुमारे 0.1 वॅट पुरतो. तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा उत्कर्ष यांसाठी त्याच्या शंभरपट शक्ती राखून ठेवली, तरी गरज 10 वॅटच्या आसपासच राहते. याचा अर्थ, बहुतांश वेळ अ‍ॅम्प्लिफायर शांत अवस्थेच्या निकटच काम करतो. म्हणूनच विनाभार वीजवापराला महत्त्व येते.

मात्र स्पीकरचा विद्युत अवरोध दुर्लक्षून चालत नाही. चार ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर काही स्वरांवर तीन ओहमपर्यंत उतरू शकतो आणि तेव्हा अधिक प्रवाह मागतो. त्यामुळे माहितीपत्रकात आठ ओहमबरोबर चार ओहमवरील शक्तीही दिलेली आहे का, हे तपासावे.

‘क्लास डी’बद्दलचा जुना आक्षेप

सुरुवातीच्या अनेक ‘क्लास डी’ उपकरणांत स्पीकर बदलला की तार स्वरांचा बाज बदलत असे. उपकरणाच्या शेवटी असलेली वेटोळे व कपॅसिटरची गाळणी दुरुस्ती-यंत्रणेच्या, म्हणजे फीडबॅकच्या, कक्षेबाहेर राहत असल्याने हा दोष निर्माण होई. गाळणीनंतरच्या टप्प्यावरून फीडबॅक घेणाऱ्या रचनांनी तो बऱ्याच अंशी दूर केला. बेल्जियन अभियंता ब्रुनो पुट्झेज यांच्या कार्याशी निगडित ‘हायपेक्स एनकोर’ आणि ‘प्युरिफाय आयगेनटाक्ट’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. खरेदीपूर्वी फीडबॅक गाळणीनंतर घेतला आहे का, असा थेट प्रश्न विक्रेत्याला विचारता येतो.

तपासण्याच्या बाबी

* ‘स्टँडबाय’ आणि ‘विनाभार’ हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला उपकरण झोपेत असतानाचा, तर दुसरा ते जागे पण शांत असतानाचा. जाहिरातीत बहुधा पहिलाच झळकतो.

* अंतर्गत पंखा नसलेले उपकरण घ्यावे. दूरदृश्य बैठकीत पंख्याची घरघर मायक्रोफोन टिपतो.

* टेबलावरील स्पीकर कानाजवळ असतात. संगीत बंद ठेवून सूं-सूं आवाज येतो का, हे दुकानातच ऐकावे.

* घर इन्व्हर्टरवर चालत असताना 200 वॅटचा भार बॅटरी लवकर रिकामी करतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा नसल्यास जड ट्रान्सफॉर्मर असलेले उपकरण गुणगुणू शकते.

* उपकरण बंद कपाटात ठेवू नये. वर व बाजूंना किमान 10 सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. तापमान 10 अंशांनी वाढल्यास इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे.

म्हैसूरपेक्षा कितीतरी कडक उन्हाळा सोसणाऱ्या नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरमध्ये हे निकष अधिकच लागू पडतात. तेथे वातानुकूलित खोलीत अ‍ॅम्प्लिफायरची उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज खर्चावी लागते आणि ग्राहकाला त्याच उष्णतेचे मोल दोनदा मोजावे लागते. ‘क्लास ए’चा नादच ज्यांना प्रिय आहे, त्यांनी तो संध्याकाळच्या तासाभराच्या निवांत श्रवणासाठी राखून कामाच्या वेळेसाठी कमी तापणारे उपकरण वापरणे अधिक सोयीचे ठरते.