भिंतीच्या पोटातलं

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडलेल्या इमारती शोधायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत झाली. कौतुक वाटलं, आणि किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे दगडमातीच्या भिंती कोसळल्या, त्यांच्यासोबत जड माळवदं झोपलेल्यांवर आली. हजारो माणसं गेली. भिंती चांगल्या दोन-तीन फूट जाड. पण आतला आणि बाहेरचा थर सांधणारे आरपार दगडच बहुतेक ठिकाणी नव्हते. हा दोष आकाशातून कसा दिसणार? भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरात परत झोपायचं का, हे भिंतीला हात लावणारा जाणकारच सांगणार. शेणव्याच्या आपल्या जुन्या घराच्या भिंतीही यंदा दाखवून घेऊ. असो.