सभासदांची यादी कुणाच्या खिशात?

मंडळी, आज थोडा आपल्याच धंद्यातला इतिहास. लोकांनी मिळून काम करायच्या कुठल्याही साइटवर कधीतरी कुणीतरी विचारतंच, "सगळ्या मेंबर्सची लिस्ट एक्स्पोर्ट कशी करायची?" डेटाबेस हाताशी असेल तर दोन ओळींची क्वेरी, झालं काम. पण हाताशी नसेल तर? २०१२ साली या 'तर'पायी दोन साध्या स्वयंसेवकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

गोष्ट आहे विकिट्रॅव्हलची. इव्हान प्रोद्रोमू आणि मिशेल अ‍ॅन जेनकिन्स या दोघांनी २००३ मध्ये ही साइट सुरू केली. कल्पना सोपी: प्रवाशांनी प्रवाशांसाठी लिहिलेलं गाइडबुक. लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं. म्हणजे लेखकांना श्रेय द्या, त्याच अटी पुढे चालू ठेवा, आणि मजकूर खुशाल उचला. २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने साइट विकत घेतली. जर्मन मंडळींना ते काही रुचलं नाही. त्यांनी त्याच वर्षी मजकूर उचलला आणि विकिव्हॉयेज नावाने वेगळी चूल मांडली.

इंग्रजीवाले मात्र तिथेच राहिले. पुढे जाहिराती, जुनाट सॉफ्टवेअर, न सुटणाऱ्या तांत्रिक अडचणी असं सगळं साचत गेलं. शेवटी २०१२ मध्ये बऱ्याच जणांनी ठरवलं, बास झालं! विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे बिऱ्हाड हलवायचं.

आता गंमत बघा. मजकूर न्यायला कुणाची आडकाठी नव्हती, लायसन्सच तसं होतं. पण माणसांचं काय? मीडियाविकी या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं सगळ्यांना दिसतात, पण ईमेल आणि पासवर्डचे हॅश बसतात युजर टेबलमध्ये, आणि ते असतं सर्व्हर चालवणाऱ्याकडे. विकिपीडियाचे डेटाबेस डंप कुणीही डाउनलोड करू शकतो, पण हे टेबल त्यातही देत नाहीत. म्हणजे लाखो शब्द तुमचे, पण ते लिहिणाऱ्या सगळ्यांना एकदम "आम्ही निघालो" म्हणून सांगायची सोय मालकाच्या हातात.

ठिणगी पडली ती नेमकी इथे. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा ठोकला. त्यातला एक आरोप असा, की शेकडो सभासदांना जणू विकिट्रॅव्हलकडूनच आल्यासारखे ईमेल गेले आणि त्यात साइट विकिमीडियाकडे जात असल्याचं म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात विकिमीडियाने उलट दावा केला. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे फेडरल कायद्याखालचे दावे फेटाळले गेले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. तोवर, १५ जानेवारी २०१३ ला, विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या छत्राखाली अधिकृतपणे सुरूही झालं होतं.

पण यादी मागेच राहिल्याची खूण आजही दिसते. विकिव्हॉयेजच्या जुन्या पानांचा इतिहास उघडा. कित्येक नावांच्या आधी कंसात 'डब्ल्यूटी-ईएन' लिहिलेलं आढळेल. श्रेय द्यायचं म्हणून नावं आणली, पण त्या नावाने नवीन साइटवर लॉगिन करणारा तोच माणूस, हे ठरवणार कसं? पासवर्ड तर मागेच राहिले होते. जो स्वतःहून आला तो आला. बाकीच्यांचं फक्त नाव आलं.

मग काय, यादी सगळ्यांना खुली असायला हवी होती? माझ्यातल्या इंजिनिअरला हो म्हणावंसं वाटतं, पण नाही. आज चांगल्या कामासाठी काढलेली फाइल उद्या स्पॅमवाल्याच्या हातात पडू शकते. मी ईमेल दिला तो साइटला, तिथल्या प्रत्येक उत्साही माणसाला नव्हे. लोचा असा, की जे कुलूप सभासदाला जपतं तेच मालकालाही बळ देतं.

यावर उपाय यादी फोडणं नाही. तुम्ही चार जण मिळून काही सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवा: सगळ्यांना एकदम निरोप पाठवायचा हक्क कुणाला, आणि साइट विकली गेली तर त्या हक्काचं काय. लायसन्सवर आपण तासन् तास वाद घालतो, पण हा प्रश्न कुणी काढतच नाही. तुमच्या ग्रुपची यादी कुणाकडे आहे हो?