गाभ्याचा शोध आणि एक फलदायी चूक



भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनी पृथ्वीचा छेद काढला आहे. वर पातळ कवच, मध्ये प्रावरण, आत गाभा. मीही तो वहीत रंगवला. पण हे कोणी, कसे जाणले, असे गुरुजींना विचारण्याचे मला कधी सुचले नाही. माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम 12 किलोमीटरांचे. आणि पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटरांची!

या शोधाचा एक धागा आपल्याच देशातून निघतो. 12 जून 1897 रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगच्या दगडी इमारती भुईसपाट झाल्या, सुमारे दीड हजार माणसे दगावली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अहवाल 1899 मध्ये प्रसिद्ध केला. धक्क्याची नोंद थेट इटलीतील उपकरणांवरही झाली होती. ती अभ्यासताना त्यांना लहरींचे तीन प्रकार वेगळे ओळखता आले : आधी पोचणाऱ्या प्राथमिक, मागून येणाऱ्या दुय्यम आणि भूपृष्ठालगत रेंगाळत येणाऱ्या.

प्रकृतीमुळे 1903 मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी हा नाद सोडला नाही. भूकंपस्थानापासून सुमारे 120 अंशांपलीकडे दुय्यम लहरी फार उशिरा येतात, असे त्यांना दिसले. त्यावरून, लहरींचा वेग मंदावणारा निराळा गाभा पृथ्वीच्या पोटात असला पाहिजे, असे त्यांनी 1906 मध्ये मांडले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. ओल्डहॅम ज्यांना गाभ्यातून आलेल्या दुय्यम लहरी समजले, त्या तशा नव्हत्याच. द्रवातून दुय्यम लहरी जाऊ शकत नाहीत. पुरावा चुकीचा वाचला गेला, गाभा मात्र खरा निघाला. याला निव्वळ दैव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नोंदींतील विसंगती दडपून न टाकता तिचे कारण शोधण्याची वृत्ती त्यामागे होती. पुढे गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे 2,900 किलोमीटर खोलीवर निश्चित केली आणि 1926 मध्ये जेफ्रीज यांनी तो द्रवरूप असल्याचे दाखविले.

मग सारे द्रवच मानले गेले. परंतु 1929 च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदी चाळताना कोपनहेगनच्या इंगे लेमान यांना, जेथे प्राथमिक लहरी पोचूच नयेत अशा छायापट्ट्यात, क्षीण लहरी आढळल्या. संगणक नव्हता; ओटच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांत त्या आपली नोंदपत्रे लावून ठेवीत. द्रवाच्या आत आणखी एक वेगळा अंतर्गाभा आहे, हा त्यांचा निष्कर्ष 1936 मध्ये छापून आला. त्या निबंधाचे शीर्षक होते केवळ एक अक्षर आणि त्याच्या माथ्यावर एक बारीक रेघ.