यंत्र कुठे थांबतं? कुलाब्यापासून द्वारकेपर्यंत

बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथून कुठून ऐकत असाल, आजचा भाग तुमच्या घरातल्या लॅपटॉपबद्दलही आहे.

इथल्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा लातूरचा एक मुलगा रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. परवा जेवताना गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, मला प्रोग्रॅमिंग जमत नाही. बाकीची मुलं संध्याकाळभरात काम उरकतात, मी रात्री दोनपर्यंत बसतो. फील्ड बदलावं म्हणतोय."

मी विचारलं, "एक दुरुस्ती केलीस की ॲप पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागतो?"

"अकरा मिनिटं."

"आणि मित्राच्या लॅपटॉपवर?"

"दीडेक मिनिट."

आता बघा, हा मुलगा स्वतःला मठ्ठ समजत होता. मी त्याला साठेक वर्षं मागे, मुंबईत कुलाब्याला घेऊन गेलो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने एक संगणक उभारला. 1960 साली तो कामाला लागला. पुढे पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक. त्याच्या मेमरीत 2048 शब्द मावायचे. शब्द म्हणजे आपले शब्द नव्हेत, यंत्राचे. एकेक शब्द 40 बिटांचा. एका बिटाला चुंबकीय पदार्थाची एक बारीकशी कडी, आणि त्या कड्यांतून ओवलेल्या तारा. गुणाकार केलात तर 81,920 बिट होतात, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट.

दहा किलोबाइट म्हणजे किती? आजच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे मी आत्ता बोलतोय त्या भाषणाचा मजकूरसुद्धा टिफ्रॅकच्या मेमरीत मावला नसता! आणि त्या जागेत प्रोग्रॅमही ठेवायचा आणि आकडेही. त्यामुळे लिहिणारा माणूस आधी कागदावर हिशेब करायचा. हे उत्तर साठवून ठेवू, की लागेल तेव्हा पुन्हा काढू? साठवलं तर जागा जाते, पुन्हा काढलं तर वेळ जातो. प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामातला हा सौदा तेव्हापासूनचा आहे.

1964 मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी 3600 आला. मेमरी कितीतरी मोठी, वेगही मोठा. फोरट्रानसारख्या भाषेत लिहिता येऊ लागलं. पण यंत्र एक आणि वापरणारे अनेक. त्या काळच्या अशा यंत्रांवर कार्डांना भोकं पाडून गठ्ठा द्यायचा आणि आपला नंबर लागायची वाट बघायची. एखादा स्वल्पविराम चुकला की कागदावर चूक छापून यायची, पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. म्हणून लोक देण्याआधी ओळ न् ओळ वाचायचे. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा स्वस्त, असा तो हिशेब होता.

कार्डावर रकाने 80 आणि साठवण महाग, म्हणून वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय जगभर लागली. 1965 ऐवजी नुसतं 65. ती काटकसर 2000 साल जवळ आल्यावर अंगाशी आली, आणि जुन्या ओळी तपासायचं काम मुंबई-पुण्यापासून नोएडापर्यंतच्या आपल्या मुलांना मिळालं. त्या पिढीतल्या अनेकांच्या नोकरीचं मूळ असं मेमरीच्या टंचाईत आहे.

आता पुण्याला येऊ. 1980च्या दशकात भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवे होते. हवामानाच्या कामासाठी दिल्लीला क्रे मिळाला, तोही अटी घालून. मग 1988 मध्ये सी-डॅक स्थापन झालं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. डॉक्टरेट त्यांनी आमच्या इथल्या आयआयटी दिल्लीतून घेतलेली. मुदत तीन वर्षांची होती, आणि 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला.

त्यातली युक्ती समजून घ्या. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नाही ना? मग ट्रान्सप्युटर नावाचे बेताच्या वेगाचे अनेक प्रोसेसर जोडायचे. प्रत्येकाची मेमरी वेगळी. पण त्यामुळे ओझं प्रोग्रॅमरवर आलं. काम कसं वाटायचं, कुणाचा आकडा कुणाला कधी पोचवायचा, हे त्यानेच ठरवायचं. समजा, कामाचा दहावा हिस्सा वाटताच येत नाही. तर 64 प्रोसेसर लावूनही वेग नऊपटसुद्धा होत नाही, कारण बाकीचे त्या एका हिश्शासाठी खोळंबतात. पंचवीस मजूर आणले तरी गवंडी एकच असेल तर भिंत त्याच्याच गतीने चढते, तसं.

2005च्या सुमारास प्रोसेसरचा वेग उष्णतेमुळे तीन-चार गिगाहर्ट्झपाशी अडला आणि कंपन्या एका चिपमध्ये अनेक कोअर घालू लागल्या. म्हणजे परमवर काम करणाऱ्यांची अडचण आता प्रत्येक लॅपटॉपमध्ये आली.

एवढं सांगून झाल्यावर आम्ही त्या मुलाचा लॅपटॉप उघडला. ॲप तयार होत असताना कोण किती राबतंय ते पाहिलं. प्रोसेसर बराचसा रिकामा. रॅम 4 जीबी, काठोकाठ भरलेली. आणि जुनी फिरती हार्डडिस्क पूर्ण जुंपलेली! रॅम भरली की यंत्र तिथला ऐवज डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा आठ सहस्रांश सेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रोसेसर लाखो सूचना पार पाडतो. म्हणजे तो बसून होता, आणि त्याच्यासोबत आमचा मुलगाही.

"मग प्रोसेसर बदलायला नको?" त्याने विचारलं. अजिबात नको. नेहरू प्लेसला गेलो, रॅम वाढवली, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली. अकरा मिनिटांची तीन झाली.

त्याच्या कोडमधली चूक काही त्याने सुटली नाही, ती होतीच. पण आधी संध्याकाळभरात तो पंधरा-वीस वेळा करून बघू शकायचा, आता साठ-सत्तर वेळा. चौथ्या दिवशी चूक सापडली. रविवारी जेवायला आला तेव्हा फील्ड बदलण्याचा विषय निघाला नाही. त्याने विचारलं, "काका, दहा किलोबाइटमध्ये माझं ॲप लिहायचं झालं तर कुठून सुरुवात करायची?"

तुमच्याही घरात असं रात्री दोनपर्यंत बसणारं कुणी असेल तर आधी त्याचं यंत्र कुठे थांबतंय ते बघा. भेटू पुढच्या भागात.